दोघांनी वेगवेगळे पाहिलेले शहर

व्यापारी घरांतील माणसे प्रवास पुष्कळ करतात. परंतु पती-पत्नी दोघेच मिळून असा प्रवास त्यांच्या वाट्याला क्वचित येतो. यात्रा असली की बरोबर संघ असतो. लग्नकार्य असले की अर्धी बस नातेवाइकांनी भरलेली असते. दिवाळीच्या सुट्टीत मुले, सासूबाई, धाकटी जाऊ आणि फराळाच्या डब्यांची पिशवी सोबत निघते. आणि खरेदीला पती एकटाच जातो. लग्नानंतर महाबळेश्वर किंवा उटी असा जो काही एक आठवडा मिळाला असेल, तेवढाच काय तो दोघांचा. पुढे पंचवीस-तीस वर्षे उलटतात, एका दुकानाची दोन दुकाने होतात, मुले मार्गी लागतात, आणि रात्री दुकान वाढवून आलेल्या पतीशी पत्नीचे जे बोलणे होते ते गोळ्या, दुधाचे बिल, मुलाचे स्थळ आणि उद्या कोण येणार यांपलीकडे फारसे जात नाही. जिव्हाळा असतो, पण त्याला निवांत बसायला जागा मिळत नाही.

अशा दांपत्यांसाठी पर्यटन कंपन्यांची रंगीत पत्रके हल्ली घरोघर येतात. मेणबत्तीच्या उजेडातील भोजन, तलावातील नौका, गुलाबाच्या पाकळ्यांनी सजविलेला पलंग, असा त्यांतील ठराविक थाट असतो. पन्नाशीच्या गृहिणीला पाकळ्यांचा पलंग पाहून पहिला प्रश्न पडतो तो हा की हे सारे झाडायचे कोणी. शिवाय ज्यांच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण उरकते त्यांना मेणबत्तीचे भोजन काय कामाचे! तेव्हा या पत्रकांतील शहरे क्षणभर बाजूला ठेवून एका अशा शहराचा विचार करावा, की जे नाव ऐकताच निम्मे वाचक म्हणतील, तेथे तर आम्ही नेहमीच जातो. ते शहर म्हणजे अहमदाबाद.

नेहमी जातो हे खरे. पण कोण जातो आणि काय पाहतो? कापडवाला पती कालुपूर स्थानकावर उतरतो, रिलीफ रोडवरच्या ठरलेल्या लॉजवर अंघोळ करतो, मस्कती मार्केट किंवा न्यू क्लॉथ मार्केटमध्ये दिवसभर थान उलगडून पाहतो, दलालाबरोबर चहा घेतो, गठ्ठे वाहतूकदाराकडे सोपवून रात्रीच्या गाडीने परत फिरतो. पत्नीने तेच शहर पाहिलेले असते ते पालिताणा-गिरनारला जाताना बसच्या काचेतून, नाहीतर एखाद्या लग्नाच्या मांडवातून. एकच शहर दोघांनी पाहिलेले असते आणि एकत्र कोणीच पाहिलेले नसते. दांपत्याच्या सहलीसाठी याहून चांगली निवड कोणती?

सांगलीकडील एका कापड व्यापाऱ्याचे आणि त्याच्या पत्नीचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. लग्नाला अठ्ठावीस वर्षे झालेली, मुलगा दोन वर्षांपासून दुकानात बसू लागलेला. गेल्या हिवाळ्यात खरेदीची फेरी ठरली तेव्हा पत्नी सहज म्हणाली, "या वेळी मी आले तर?" पतीने सवयीने नाही म्हणण्यासाठी तोंड उघडले होते, तोच आतून वृद्ध मातोश्री बोलल्या, "जाऊन या की दोघं. दुकान काय पळून जातंय होय?" मग मात्र वाद उरला नाही. खरेदी पुढच्या महिन्यावर टाकण्यात आली आणि तीन दिवस केवळ फिरण्याचे ठरले.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. अहमदाबादेत आपले नातेवाईक असतातच. विशेषतः पालडी भागात जैन वस्ती इतकी दाट आहे की एखादा मामेसासरा, एखादी आतेनणंद तेथे निघतेच. त्यांना आगाऊ कळविले की सहल संपली. गाडीतून उतरताच ते घरी नेतात, मोठ्या प्रेमाने वाढतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणी वहिनी स्वयंपाकघरात फुलके लाटत असते. पती बैठकीत बसून सुताचे भाव बोलत असतो. सांगलीच्या दांपत्याने यावर शहाणपणाचा तोडगा काढला. उतरायचे हॉटेलात आणि नातेवाइकांना भेटायचे ते परतीच्या दिवशी, गाडीला चार तास उरलेले असताना. दुकानातल्या फोनविषयीही करार झाला: रात्री आठ वाजता एकदा, तोही पत्नीने लावायचा, पतीने नव्हे. हा करार पहिल्या दिवशी दोनदा मोडला, नंतर पाळला गेला.

मुंबईहून रात्री निघणारी गुजरात मेल पहाटे अहमदाबादेस पोहोचते, हे या शहराच्या दृष्टीने फार सोयीचे आहे. कारण जुने शहर पाहावे ते सकाळी. साबरमतीच्या पूर्वतीरावरील या तटबंदीच्या शहराची स्थापना सुलतान अहमदशहाने 1411 मध्ये केली, आणि 2017 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळविणारे ते भारतातील पहिले शहर ठरले. महानगरपालिकेची पायी वारसा-फेरी 1997 पासून चालू आहे. कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून सकाळी आठच्या सुमारास ती निघते आणि पोळांमधून वळसे घेत जामा मशिदीपाशी संपते. वाटाड्या बरोबर असतो, अंतर फार नसते, आणि गुडघे कुरकुरणाऱ्यांनाही ती झेपते.

पोळ म्हणजे एका दरवाजाच्या आत वसलेला घरांचा पुंजका. एका जातीचे किंवा एका धंद्याचे लोक पूर्वी एका पोळेत राहत; दरवाजा रात्री बंद होई; आत विहीर, मंदिर आणि पाखरांसाठी उंच खांबावर बांधलेला कोरीव चबुतरा असे. गल्ल्या इतक्या अरुंद की दोघे शेजारी चालले तर समोरून येणाऱ्या स्कूटरसाठी एकाला दुसऱ्याच्या जवळ सरकावेच लागते. घरांच्या लाकडी खांबांवर, तुळयांवर आणि गोखांवर जे नक्षीकाम आहे ते पाहताना मान दुखते. पुष्कळ घरांच्या चौकाखाली टांके असते, म्हणजे पावसाचे पाणी साठविण्याचे तळघर. गच्चीवरचे पाणी तांब्याच्या किंवा चुन्याच्या मार्गाने त्यात उतरत असे आणि वर्षभर पिण्यास पुरत असे. लांबेश्वराच्या पोळेत कवी दलपतराम यांचे घर जेथे होते तेथे त्यांचा बसलेला पुतळा आहे, पादचाऱ्याच्या उंचीचा, जणू ओट्यावर वाऱ्याला बसलेला शेजारी. दोशीवाडानी पोळ तर जैन मंदिरांसाठीच प्रसिद्ध. बाहेरून साधे घर वाटावे आणि आत गेल्यावर संगमरवराचा गाभारा दिसावा, अशी मंदिरे या पोळांत अनेक आहेत.

वाटाड्या पुढे निघून गेला तरी घाई करू नये. पोळेची खरी मजा ओट्यावर बसण्यात आहे. म्हाताऱ्या स्त्रिया तेथे शेंगा सोलत, मेथी निवडत बसलेल्या असतात, आणि परक्या माणसाला "आवो, बेसो" म्हणायला त्यांना कसलाही संकोच वाटत नाही. सांगलीच्या बाई अशाच एका ओट्यावर बसल्या आणि अर्धा तास बोलल्या, त्या मराठीत आणि समोरच्या गुजरातीत. पती जवळ उभा होता. तीस वर्षे याच गल्ल्यांच्या तोंडाशी असलेल्या बाजारातून आपण माल उचलतो आणि या दरवाजांच्या आत कधी पाऊल टाकले नाही, हे त्याच्या प्रथमच ध्यानात आले. बायको अनोळखी माणसाशी इतकी बोलते हेही त्याला ठाऊक नव्हते. घरी बोलण्याचे काम त्याचे होते.

दिल्ली दरवाजाबाहेरचे हठीसिंगांचे मंदिर पाहिल्यावाचून कोणताही जैन अहमदाबादेहून परतत नसेल. परंतु बहुतेक जण वीस मिनिटांत दर्शन आटोपतात. दांपत्याने तेथे निदान दोन तास काढावेत. कारण ते मंदिर एका दांपत्याचे आहे. शेठ हठीसिंग केसरीसिंग हे त्या काळच्या मोठ्या व्यापाऱ्यांपैकी एक. पंधरावे तीर्थंकर श्री धर्मनाथ भगवंतांचे हे मंदिर त्यांनी आरंभिले, पण ते पुरे होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. काम त्यांच्या पत्नी हरकुंवर शेठाणी यांनी हाती घेतले आणि 1848 मध्ये पूर्णत्वास नेले. प्रेमचंद सलाट हे त्याचे स्थपती. पांढऱ्या संगमरवराचे मुख्य मंदिर आणि त्याभोवती अंगणाला वेढणाऱ्या बावन्न देवकुलिका, असा हा विस्तार आहे. आवारातील उंच स्तंभ मात्र अलीकडचा. स्तंभांवरील आणि घुमटाच्या आतील कोरीव काम सूक्ष्म आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात ते पाहावे.

शेठाणींचे काम मंदिरावरच थांबले नाही. पतीच्या पश्चात त्यांनी घरचा व्यवहार सांभाळला, रुग्णालयासाठी आणि मुलींच्या शिक्षणासाठी देणग्या दिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, जेव्हा प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया दिवाणखान्यातही येत नसत, तेव्हा एका विधवा स्त्रीने शेकडो कारागिरांची मजुरी चुकती करीत एवढे बांधकाम तडीस नेले, ही साधी गोष्ट नाही. त्यासाठी केवळ श्रद्धा पुरत नाही, हिशेबही कळावा लागतो.

हे सारे ऐकून झाल्यावर सांगलीचे दांपत्य देवकुलिकांसमोरच्या ओवरीतून सावकाश प्रदक्षिणा करीत होते. पत्नी म्हणाली, "अहो, शेठाणीला सगळं ठाऊक असणार नाही का? कुणाकडून किती येणं, कुणाला किती देणं. नाहीतर एवढं झालं नसतं."

पती म्हणाला, "असणारच."

चार देवकुलिका मागे पडल्यावर ती पुन्हा बोलली. "मला आपल्या दुकानाची किल्ली कुठल्या खुंटीवर असते तेवढं ठाऊक आहे."

यात तक्रारीचा सूर नव्हता. तरी पतीला तत्काळ उत्तर सुचले नाही. मंदिराबाहेर आल्यावर बाकावर बसून तो एवढेच म्हणाला की मुलाला सगळे सांगून ठेवले आहे. "मुलाला सांगितलंत, बरं केलंत," ती म्हणाली, आणि चपला घालू लागली.

हा प्रसंग एका घरचा नाही. पतीच्या निधनानंतर बँकेच्या खिडकीपाशी येणाऱ्या स्त्रिया पाहिल्या म्हणजे हे ध्यानात येते. मुदत ठेव आहे हे माहीत असते, कोणत्या शाखेत ते माहीत नसते. लॉकरची किल्ली हाती असते, लॉकर कोठे आहे हे चुलत दिरांना विचारावे लागते. हातउसने कोणाला किती दिले याचा कागद नसतो, आणि घेणारे दहाव्यानंतर ओळख दाखवीत नाहीत. दहा वर्षे ज्यांना कोणी हात लावला नाही अशा ठेवी बँकांना रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा कराव्या लागतात. वारसाला त्या नंतर मागता येतात हे खरे, पण ठेव होती हेच ठाऊक नसेल तर मागणार कोण? नामनिर्देशन केलेले असले म्हणजे सारे झाले असाही एक समज आहे. नामनिर्देशित व्यक्तीला रक्कम हाती मिळते, मालकी कोणाची हे मृत्युपत्रावर किंवा वारसा कायद्यावर ठरते. हे विषय सहलीत काढू नयेत असे कोणी म्हणेल. पण घरी ते काढायचे केव्हा? तेथे भिंतीपलीकडे सासू झोपलेली असते आणि दाराशी दूधवाला उभा असतो.

दुपारी शहराबाहेर पडून अडालजची वाव पाहावी. अहमदाबादेच्या उत्तरेस गांधीनगरच्या वाटेवर, रिक्षाने किंवा टॅक्सीने तासाच्या आत पोहोचता येते. ही पाच मजली पायऱ्यांची विहीर. तीन दिशांनी तीन जिने उतरतात आणि पहिल्या टप्प्यावर एकत्र येतात. तेथून खाली एकच मार्ग पाण्यापर्यंत जातो. उतरत जावे तसा हवेतला उष्मा कमी होत जातो आणि उजेड मंद होत जातो. भिंतींवर हत्ती, घोडे, फुलांच्या वेली, ताक घुसळणारी स्त्री, असे रोजच्या जगण्यातले विषय कोरलेले आहेत. आतील संस्कृत शिलालेखानुसार वाघेला प्रमुख वीरसिंह याची पत्नी रुडाबाई हिने पंधराव्या शतकाच्या अखेरीस ही वाव बांधविली.

लोककथा याहून रंगतदार आहे. वाव वीरसिंहाने आरंभिली, तो महमूद बेगड्याशी झालेल्या लढाईत पडला, बेगड्याने रुडाबाईला मागणी घातली, तिने आधी वाव पुरी करण्याची अट घातली, आणि वाव पुरी होताच पाण्यात उडी घेतली, असे ती सांगते. शिलालेख या कथेविषयी मौन पाळतो. वाटाडे मात्र ती कथा डोळ्यांत पाणी आणून सांगतात आणि नवविवाहित जोडपी तेथे छायाचित्रे काढून घेतात. ज्या विहिरीच्या कथेचा शेवट असा, तेथे हसऱ्या चेहऱ्याची छायाचित्रे काढण्यात थोडी विसंगती आहे खरी. तरीही पहाटेचे मंदिर आणि दुपारची वाव असा क्रम ठेवला तर एकाच दिवसात पतीचे अपुरे काम पुरे करणाऱ्या दोन स्त्रियांची ओळख होते, एकीची इतिहासातून आणि दुसरीची लोकांच्या तोंडून.

आता भोजनाचा प्रश्न. महाराष्ट्राबाहेर जैन कुटुंबाला जी विवंचना असते ती अहमदाबादेत नाही. कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य म्हटले तर वाढपी प्रश्न विचारीत नाही, आणि संध्याकाळी पाच वाजता थाळी मागितली तर आश्चर्याने पाहत नाही. डिसेंबरात तेथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यापूर्वी जेवण झाले की पुढची सबंध संध्याकाळ मोकळी राहते, हा चौविहार पाळणाऱ्या दांपत्याचा मोठा लाभ आहे. इतर पर्यटक आठ वाजता हॉटेलच्या दाराशी नंबर लावून उभे असतात, तेव्हा हे दोघे साबरमतीच्या काठावर फिरत असतात.

नदीकाठ आता पूर्वीचा राहिलेला नाही. दोन्ही तीरांवर पाण्यालगत लांबच लांब पदपथ बांधला आहे. 1892 साली बांधलेला लोखंडी एलिस पूल आणि सरदार पूल यांच्या दरम्यान 2022 मध्ये अटल पूल झाला. तो केवळ पादचाऱ्यांचा, सुमारे तीनशे मीटर लांबीचा, पतंगांच्या रंगांनी सजविलेला. काही रसिकांना त्याची रोषणाई भडक वाटते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण पुलाच्या मध्यावर रेलिंगला टेकून उभे राहिले की वारा येतो, खाली पाणी असते, एकीकडे जुने शहर आणि दुसरीकडे नवे शहर दिसते, आणि गर्दी असूनही कोणी कोणाकडे पाहत नसते. गुजरातेत दारूबंदी असल्याने रात्री उशिरापर्यंत स्त्रिया आणि मुले निर्धास्त फिरताना दिसतात. गावात जी वहिनी पतीच्या दोन पावले मागून चालते, ती येथे बरोबरीने चालली तरी त्याची बातमी होत नाही.

दुसरा दिवस खरेदीचा. येथे पतीवर एक बंधन घालणे आवश्यक आहे. कापड व्यापाऱ्याच्या बायकोला आयुष्यात स्वतः निवडलेली साडी मिळत नाही, हे बाहेरच्या लोकांना पटत नाही. पण घरचे जाणतात. लॉटमधला उरलेला नग, नमुन्याचा नग, नाहीतर दलालाने दिवाळीला दिलेला नग, असे करता करता कपाट भरते. म्हणून अहमदाबादेत दुकानात शिरल्यावर पतीने घाऊक भाव उच्चारू नये, सुताचा नंबर विचारू नये, पदर चिमटीत धरून पाहू नये. बाजूला बसावे आणि पैसे द्यावेत.

जामा मशिदीच्या पूर्वेस माणेक चौकापाशी राणीनो हजिरो आहे. सुलतानांच्या राण्यांच्या कबरींभोवती स्त्रियांच्या वस्त्रांचा आणि अलंकारांचा बाजार भरतो. बांधणी, आरसेकाम, घागऱ्यांची काठ-किनार तेथे पाहावी. जवळच ढालगरवाड हा कापडाचा जुना बाजार आहे. अहमदाबादेची खास अशी साडी म्हणजे अशावली, जरीच्या विणीची. शहर वसण्यापूर्वी येथे जी आशावल नावाची वस्ती होती तिचे नाव या वस्त्राने टिकवून ठेवले आहे. सांगलीच्या बाईंनी दीड तास घेतला, अकरा साड्या उलगडायला लावल्या आणि एक बांधणी घेतली. दुकानदाराने सांगितलेली किंमत ऐकून पतीचे ओठ हलले. पत्नीने नुसते पाहिले. ओठ मिटले, आणि पूर्ण किमतीची पावती फाडली गेली. असे त्या घरात पूर्वी घडल्याची नोंद नाही.

त्याच परिसरात तीन दरवाजा आहे. त्याच्या एका कोनाड्यात एक दिवा तेवत असतो. कथा अशी की लक्ष्मी एकदा शहर सोडून निघाली. दरवाजावरच्या ख्वाजा सिद्दीक कोतवालाने तिला ओळखले आणि बादशहाची परवानगी घेऊन येईपर्यंत थांबण्याचे वचन घेतले. तो परवानगी मागण्यास गेला आणि आपण परतलो तर लक्ष्मी जाईल म्हणून स्वतःचे मस्तक देऊन बसला. लक्ष्मी अजून वाट पाहते आहे. हा दिवा एका मुस्लिम कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे. व्यापाऱ्यांच्या शहराला शोभेल अशीच ही कथा. माणेक चौकातही क्षणभर थांबावे. दिवसा तेथे सोन्या-चांदीचा बाजार असतो आणि रात्री त्याच जागी खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात. रात्री न जेवणाऱ्यांनी तो देखावा लांबून पाहिला तरी चालेल. तव्यांचा गलका आणि लोण्याचा वास यांत काही चुकल्यासारखे वाटत नाही, असे निदान म्हणावे.

लाल दरवाजाजवळील सिदी सय्यदची जाळी मात्र चुकवू नये. 1572-73 मध्ये, गुजरातची सल्तनत मोगलांच्या हाती जाण्याच्या सुमारास बांधलेल्या या मशिदीच्या पश्चिम भिंतीत दगडी जाळ्या आहेत. त्यांतील एकीत एका वृक्षाच्या फांद्या एकमेकींत अशा गुंफल्या आहेत की कोणती फांदी कोठून निघाली हे शोधता शोधता नजर थकते. दुपारनंतर ऊन पश्चिमेला कलले की ती जाळी उजळते. तेथे तिकीट नाही, वेळ फारसा लागत नाही, आणि बोलण्याची गरजही पडत नाही.

उरलेल्या वेळात काय करावे, हे ज्याच्या त्याच्या आवडीवर. वस्त्रांचा नाद असलेल्यांनी शाहीबागेतील कॅलिको वस्त्रसंग्रहालय पाहावे. 1949 साली गौतम साराभाई आणि त्यांच्या भगिनी गिरा यांनी ते उभारले. तेथे आगाऊ नोंदणी लागते, हे विसरू नये. कांकरिया तलाव 1451 चा, मध्ये बेटावर नगीनावाडी. सुट्टीच्या दिवशी गर्दी फार, म्हणून दोघांनी जायचे तर आडवारी जावे. सरखेज रोजा हे तलावाकाठचे शांत स्थळ आहे, आणि एके काळी सरखेजची नीळ परदेशी व्यापारी येथून नेत असत, हे कापडवाल्यांना रुचेल. साबरमती आश्रमातील हृदयकुंजात गांधीजींची खोली पाहून लोक निघून येतात. शेजारची कस्तुरबांची लहानशी खोली आणि स्वयंपाकघर तेवढ्याच लक्षपूर्वक पाहावे. विशालाच्या आवारातील वेचार संग्रहालयात हजारो जुनी भांडी मांडली आहेत. तेथे गृहिणीला जेवढे बोलायला सुचते तेवढे कोणत्याही राजवाड्यात सुचणार नाही. सांगलीच्या बाईंना तेथे आपल्या आजीच्या घरातल्यासारखा पितळी पोहरा दिसला, आणि पुढचा तासभर पतीने त्या आजीविषयी ज्या गोष्टी ऐकल्या त्या अठ्ठावीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या.

जाण्याचा काळ नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हा उत्तम. उन्हाळ्यात तेथील उष्मा सोसत नाही. चौदा जानेवारीच्या उत्तरायणाला सारे शहर गच्च्यांवर असते; तो सोहळा पाहण्यासारखा खरा, पण मांज्याने पाखरे जायबंदी होतात आणि ज्यांना ते पाहवत नाही त्यांनी ते दोन दिवस टाळावेत. त्या दिवसांत जखमी पाखरांसाठी शहरात ठिकठिकाणी उपचार केंद्रे चालतात आणि पुष्कळ जैन तरुण तेथे सेवेला असतात. त्यासाठीच जायचे असेल तर गोष्ट वेगळी. खर्चाविषयी बोलायचे तर खरेदीच्या एका फेरीत दलालांच्या पाहुणचाराची परतफेड करताना जेवढे जाते त्याहून फार जास्त जात नाही. साडी वगळून.

परतीच्या दिवशी ते दोघे ठरल्याप्रमाणे पालडीला जाऊन आले. मामेसासऱ्यांनी न कळविल्याबद्दल रागे भरले आणि खाखऱ्यांची चार पाकिटे बांधून दिली. रात्री गाडी सुटल्यावर पतीने खिशातील लहान डायरी काढली, मागची कोरी पाने उघडली आणि पेन पत्नीच्या हाती दिले. अक्षर तिचे चांगले होते. तो सांगत गेला, ती लिहीत गेली: तीन बँका, दोन ठेवी, लॉकर कोणाच्या नावावर, विम्याचे कागद कोणत्या कप्प्यात, आणि मग हातउसने. मधूनमधून ती विचारी, "यांना एवढे दिलेत? कशाला?" आणि तो कारण सांगे. आणंद मागे पडले. वडोदऱ्याचे दिवे दिसू लागले तोवर अकरा नावे झाली होती. बारावे त्याला आठवेना. ते सांगलीला पोचल्यावर रोजमेळ पाहून घालू असे ठरले, आणि तिने त्यासाठी एक ओळ मोकळी सोडली.